प्रश्न वाचकांचे: देवाची इच्छा कळते कशी, आणि कळल्यावर पुढे काय?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर फिरत होती, म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. वचने पूर्ण छापलेली नाहीत, संदर्भ दिले आहेत. पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवून वाचावे ही विनंती.

सलाम. बारावी होऊन मला दोन वर्षे झाली. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा मार्क कमी पडले. पप्पा म्हणतात तिसऱ्यांदा रिपीट कर, क्लासची फी मी भरतो. मला नर्सिंगला जावेसे वाटते. तीन महिने प्रार्थना करते आहे, दोनदा उपास केला, पण देव काहीच बोलत नाही. मनाला शांतीही नाही. माझे प्रार्थनेत कुठे चुकते? (एक विद्यार्थिनी, लातूर)

प्रार्थनेत चुकत नाही. तू ज्याची वाट पाहते आहेस ते देवाने देऊ केलेलेच नाही, म्हणून ही ओढाताण होते आहे.

अनुवाद 29:29 आधी वाच. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या, आणि त्या पाळण्यासाठी. ‘देवाची इच्छा’ हे शब्द नव्या करारात जिथे थेट येतात तिथे काय सांगितले आहे ते पाहा. 1 थेस्सलनीका 4:3 मध्ये पवित्रीकरण, 5:16-18 मध्ये आनंद, प्रार्थना आणि उपकारस्तुती, 1 पेत्र 2:15 मध्ये चांगले करणे. कोणत्या कॉलेजात जावे हे त्यात नाही. डॉक्टर होणे पाप नाही, नर्स होणेही पाप नाही. दोन्ही वाटा देवासमोर स्वच्छ असतात तेव्हा तो कानात आवाज देईलच, असे वचन त्याने कुठेही दिलेले नाही. याकोब 1:5 मध्ये त्याने ज्ञान देऊ केले आहे, म्हणजे नीट निवड करण्याची समज. तू आवाजाची वाट पाहत बसलीस आणि समज वापरायची राहून गेली.

आता शांतीविषयी. योना देवापासून पळत असताना गलबताच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू पित्याच्या इच्छेत पूर्ण असताना गेथशेमानेत घामाने भिजला. यांतल्या कोणाला शांती होती, सांग. कलस्सै 3:15 मधील ‘ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो’ हे वचन यासाठी नेहमी पुढे केले जाते, पण आधीच्या ओळी वाचल्या तर विषय मंडळीत एकमेकांना क्षमा करण्याचा आहे. निकालाच्या काळजीने एकोणीस वर्षांच्या मुलीचे पोट ढवळणे स्वाभाविक आहे. त्याला देवाचा नकार समजू नकोस.

एक वही घे. पहिल्या पानावर प्रश्न एका ओळीत लिही, आणि तो असा लिही की त्याला उत्तर देता येईल. ‘प्रभू, माझ्या आयुष्याविषयी तुझी योजना काय?’ याला उत्तर मिळत नाही. ‘यंदा मी नर्सिंगला प्रवेश घ्यावा की नीट पुन्हा द्यावी?’ याला मिळते. त्याखाली हकिकत लिही: दोन्ही वर्षांचे मार्क, ज्या कॉलेजात प्रवेश हवा होता तिथला शेवटचा मार्क, दोन्हींतला फरक, आणि पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी वाढले किती. वीस-तीस मार्कांचा फरक आणि दोनशे मार्कांचा फरक, यांना एकच सल्ला लागू होत नाही. क्लास, होस्टेल आणि मेस धरून वर्षाचा खर्च लिही, आणि तो पगारातून निघणार की कर्जातून तेही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जी.एन.एम. हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, दोन्हींची फी ज्या कॉलेजात जाशील तिथे प्रत्यक्ष विचार.

मग एक पान फक्त तू आणि प्रभू. मला नर्सिंग खरेच हवे आहे, की तिसऱ्यांदा नापास होण्याची भीती वाटते? डॉक्टर व्हायचे ते रोग्यांसाठी, की आत्याच्या मुलाच्या बरोबरीने उभे राहायचे म्हणून? हे पान कोणाला दाखवायचे नाही, पण खरे लिहायचे. निर्णय बहुतेक वेळा इथेच अडकलेला असतो. खरा हेतू लपवून प्रार्थना केली, की आपण देवाकडे सही मागत असतो.

त्यानंतर तीन माणसांना विचार, दहांना नको. एक त्या कामातली, म्हणजे वॉर्डात पाच-सात वर्षे काढलेली सिस्टर. एक तुला लहानपणापासून ओळखणारी. एक मंडळीतली प्रार्थना करणारी वडीलधारी. रहबाम राजाने वृद्धांना विचारले आणि नंतर आपल्याबरोबर वाढलेल्या पोरांचे ऐकले (1 राजे 12). आपल्याला हवे तेच बोलणारी माणसे निवडण्याची खोड जुनी आहे.

शेवटी मुदत घाल. तीन आठवडे पुरे. रोज वीस मिनिटे, एकच शुभवर्तमान ओळीने वाच. ‘आज वचनातून काही निघते का’ म्हणून पाने उलटू नकोस. तारीख आली की ठरव, आणि सगळ्यात आधी पप्पांना सांग. कॅथलिक परंपरेत सोळाव्या शतकापासून संत इग्नाशियस लोयोला यांचा एक नियम पाळला जातो, तो सर्व मंडळ्यांतल्या लोकांना उपयोगी आहे: मन खचलेले असताना, आधी प्रार्थनापूर्वक ठरवलेले बदलायचे नाही. ऑक्टोबरात एखाद्या रात्री रडू येईल. त्या रात्री वही उघड, पण फॉर्म रद्द करू नकोस.

पप्पांच्या बाबतीत कलस्सै 3:20 आणि 3:21 दोन्ही ओळी एकत्र वाचायच्या असतात, एक लेकरांसाठी आणि एक बापासाठी. हकिकतीचे पान त्यांच्यापुढे ठेव आणि त्यांना वाचू दे. चोरून फॉर्म भरू नकोस. ते ठामच राहिले आणि तू तिसरा प्रयत्न पत्करलास, तरी तू देवाच्या इच्छेबाहेर पडत नाहीस. मात्र हा शेवटचा, हे आत्ताच दोघांनी मिळून वहीत लिहून ठेवा.

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला प्रॉमिस कार्डवर यिर्मया 29:11 मिळाले, ‘तुमच्या हिताचे संकल्प’. त्यावर विश्वास ठेवून मोबाईलच्या दुकानासाठी तीन लाख रुपये महिना तीन टक्क्यांनी घेणार आहे. घरचे अविश्वास दाखवतात. (एक तरुण, जालना)

कार्ड काढण्यात वाईट काही नाही, वर्षभर एक वचन तोंडी राहते. पण हे कार्ड एका पत्रातला तुकडा आहे आणि पत्र तुमच्या दुकानाविषयी नाही. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. दहाव्या ओळीत परतायला सत्तर वर्षे म्हटले आहे. पाचव्या-सहाव्या ओळीत घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा असे आहे. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडले त्यांतले बहुतेक तिथेच मरणार होते. आधीच्याच अध्यायात हनन्या संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील म्हणून सांगत होता. लोकांना साहजिकच दोन वर्षेवाला बरा वाटला. तो खोटा ठरला आणि त्याच वर्षी मेला. ‘हिताचे संकल्प’ हे वचन खरे आहे, पण ते धीर धरणाऱ्यांना दिलेले आहे.

दुकानासाठी लूक 14:28 वाचा. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असे प्रभू म्हणतो. तीन लाखांवर महिना तीन टक्के म्हणजे नुसते व्याज 9,000 रुपये, वर्षाला 1,08,000, आणि मुद्दल जसेच्या तसे. त्यात गाळ्याचे भाडे आणि लाइट बिल मिळवा. मग ज्या भागात दुकान टाकणार तिथल्या एखाद्या दुकानात महिनाभर बसू द्या म्हणून विनंती करा, आणि दिवसाला किती कव्हर, किती रिचार्ज, किती दुरुस्त्या होतात आणि त्यावर सुटते किती ते रोज लिहा. आकडा व्याजाच्या वर जात नसेल तर घरचे बोलतात त्याला अविश्वास म्हणू नका. घरच्यांच्या तोंडून देव सावध करत असतो, हे नीतिसूत्रांत पानोपानी आहे.

कर्ज न काढता दुरुस्तीचे काम शिकून एका टेबलावर सुरुवात करता येते का, हे आधी पाहा.

आम्ही दोघं नवरा-बायको ऊसतोडीला, कोयत्यावर जातो. पोळ्याच्या आधीच एका मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसं, घेतली, अंगठा दिला. आता दुसरा मुकादम टनामागं जास्त देतो म्हणतो, पहिल्याची उचल बी मीच फेडतो म्हणतो. प्रार्थना केली तर मनात आलं, हे दार देवानंच उघडलं. जावं का? लेकरू पाचवीला हाय, त्याला संगं न्यावं का? (एक वाचक, बीड जिल्हा)

दार उघडे दिसले म्हणजे ते देवानेच उघडले, असे दरवेळी नसते. योनाला योफाच्या बंदरात तार्शीशला जाणारे गलबत लगेच मिळाले. दावीद एन-गेदीच्या गुहेत लपला होता आणि त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा एकटा आत आला. सोबतचे म्हणाले, परमेश्वराने सांगितलेला दिवस तो हाच. दावीदाने फक्त झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले (1 शमुवेल 24). संधी होती, पण आज्ञा वेगळी होती.

स्तोत्र 15:4 मध्ये परमेश्वराच्या मंडपात कोण राहील ते सांगितले आहे: आपले नुकसान होत असले तरी दिलेला शब्द न फिरवणारा. तुम्ही शब्द दिला आहे. पैसे दुसरा फेडेल, पण पहिल्या मुकादमाने कारखान्याला कोयते मोजून सांगितलेले असतात. ऐन हंगामात तुमचा कोयता कमी पडला तर त्याचे नुकसान उचलीएवढ्यावर थांबत नाही. म्हणून रातोरात जाऊ नका. दिवसाढवळ्या त्याच्या घरी जा, खरे सांगा. त्याने राजीखुशीने मोकळे केले आणि उचल परत घेऊन लिहून दिले, तर तुम्ही मोकळे. नाही म्हणाला तर यंदाचा हंगाम त्याच्याकडे करा आणि पुढच्या वर्षी दर आधी ठरवून मगच उचल घ्या.

याचा अर्थ काहीही सोसावे असा मुळीच नाही. उचल फिटत नाही म्हणून माणसाला डांबून ठेवणे, मारहाण करणे, बायकोला किंवा लेकराला अडकवून ठेवणे हा 1976 च्या वेठबिगारी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे करायची. तसे झाले तर तुमचा शब्द तुम्हाला बांधून ठेवत नाही. एक छोटी वही जवळ ठेवा, उचल किती घेतली, कोणत्या दिवशी किती टन गेले, पंधरवड्याला किती कापले गेले, सगळे तारखेनिशी. लिहिता येत नसेल तर टोळीतल्या लिहिता येणाऱ्याकडून लिहून घ्या.

लेकराला नेऊ नका. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह आहे का ते हेडमास्तरांना विचारा. नसेल तर आजीपाशी ठेवा आणि मंडळीतल्या एका घराला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगून जा. फडात रविवार मिळत नाही, त्याचा जीवाला बोल लावून घेऊ नका. रात्री कोपीत दहा मिनिटे एक स्तोत्र म्हणा.

आमच्याकडे बाहेरगावचे एक सेवक सभेला येतात. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या मुलाला सांगितले, ‘प्रभू म्हणतो, अमुक घरची मुलगी तुझ्यासाठी ठेवली आहे.’ मुलीकडचे तयार नाहीत. सेवक म्हणतात, नाकारले तर शाप लागेल. मुलगा जेवत नाही. काय करावे? (एक आई, छत्रपती संभाजीनगर)

ताई, आधी मुलाला जेवू घाला, आणि तो जेवत असताना त्याला 1 राजे 13 वाचून दाखवा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती: तिथे खायचे नाही, प्यायचे नाही. एक वृद्ध संदेष्टा भेटला आणि म्हणाला, मलाही देवदूताने सांगितले, घरी चल. शास्त्र म्हणते तो खोटे बोलला. ज्याने त्याचे ऐकले तो परतीच्या वाटेवर सिंहाने मारला. वय, पदवी, ‘प्रभू म्हणतो’ हे शब्द, यांतले काहीच पुरेसे नाही.

भविष्यवाणी तुच्छ मानू नका असे 1 थेस्सलनीका 5:20 म्हणते, आणि लगेच पुढची ओळ सर्व गोष्टींची पारख करा म्हणते. सभेत पहिली ओळ ऐकू येते, दुसरी क्वचित. 1 करिंथ 14:29 प्रमाणे बोलणाऱ्याने बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा. म्हणजे पारख करण्याचा अधिकार मंडळीचा आहे, आणि तो वापरला म्हणून शाप लागत नाही. खरे तर शापाची भीती घालणे हीच पहिली खूण समजा. त्या सेवकाला या सोयरिकीतून मान, देणगी किंवा एखाद्या घरावर पकड मिळते का, तेही शांतपणे पाहा.

लग्नाच्या बाबतीत शास्त्र काय बांधून देते? ‘केवळ प्रभूमध्ये’ (1 करिंथ 7:39). एवढी मर्यादा घालून बाकी निवड माणसांवर सोडली आहे. उत्पत्ती 24 मध्ये अब्राहामाने मुलासाठी मुलगी पाहायला पाठवलेल्या दासाने चिन्ह मागितले हे खरे, पण कसले? दहा उंटांना आपणहून पाणी शेंदून पाजणारी मुलगी. चिन्ह मुलीच्या स्वभावाचेच होते, आणि ते घडत असतानाही तो गप्प राहून पाहत होता. सगळे जुळल्यावरसुद्धा घरच्यांनी रिबकेला बोलावून विचारले, या माणसाबरोबर जातेस काय? ती म्हणाली, जाईन. तिच्या ‘जाईन’शिवाय सोयरीक पुरी झाली नाही.

तुमच्या प्रकरणात मुलीकडून नकार आला आहे. इथे विषय संपतो. देवाला हे लग्न घडवायचे असते तर त्याने ते त्या मुलीलाही सांगितले असते. तिला अंधारात ठेवून फक्त तुमच्या मुलाला सांगावे अशी त्याची रीत नाही. बहुतेक मंडळ्यांत तीन रविवार लग्नाची पुकारणी होते, ती हरकत विचारण्यासाठीच असते. म्हणजे होकारानंतरही मंडळी दार उघडे ठेवते. मग नकारानंतर दबाव कशाचा?

आता तीन कामे करा. तुमच्या पाळकांना आणि वडीलमंडळींना झाला प्रकार सांगा, आणि तो सेवक पुढच्या वेळी वैयक्तिक लग्नाविषयी सभेत बोलणार नाही हे त्यांनी त्याला कळवावे. मुलीच्या घरी जाऊन, आमच्याकडून तुम्हाला त्रास झाला, माफ करा, असे तुम्ही स्वतः म्हणा. चार लोकांत त्या मुलीचे नाव घेतले गेले आहे, तिची बाजू कोणी तरी घ्यायला हवी. आणि मुलाशी सहा महिने लग्नाचा विषय काढू नका.

दोन स्थळे, दोन जमिनी असे काही असले, की आम्ही प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकतो. प्रेषितांनीही टाकल्या. गिदोनाने चिन्ह म्हणून लोकर ठेवली. यात चूक काय? (परभणी)

प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या तो प्रसंग प्रेषितांची कृत्ये 1:26 मध्ये आहे, पवित्र आत्मा उतरण्याच्या आधी. त्यानंतर मंडळीने एकदाही टाकल्याचे नव्या करारात दिसत नाही. पंधराव्या अध्यायात मोठा वाद झाला, तेव्हा ते बसले, बोलले, शास्त्र काढले, आणि ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असे लिहून पाठवले. गिदोनाची लोकर तर ‘तू म्हटल्याप्रमाणे’ या शब्दांनी सुरू होते (शास्ते 6:36). त्याला आज्ञा माहीत होती, धीर नव्हता. देवाने त्याच्या भित्रेपणाची कीव केली, आपल्याला पद्धत घालून दिली नाही.

जमीन घेताना सातबारा, फेरफार आणि पाणी पाहा. चिठ्ठी ही मेहनत वाचवते, म्हणून ती गोड लागते.

थोरल्या भावाने बांध दोन फूट माझ्याकडे सरकवला. सहा वर्षे आम्ही बोलत नाही. एकाच मंडळीत प्रभुभोजन घेतो. वकील केस टाका म्हणतात. देवाची इच्छा दाखव म्हणून मी रोज प्रार्थना करतो. (धाराशिव जिल्हा)

भाऊ, ही प्रार्थना आजपासून थांबवा. तुमच्या बाबतीत देवाची इच्छा कळायची राहिलेली नाही, पाळायची राहिली आहे. यिर्मया 42 मध्ये लोक संदेष्ट्याकडे आले, देव सांगेल ते करू म्हणाले. दहा दिवसांनी उत्तर आले: मिसरात जाऊ नका. त्यावर ते म्हणाले, तू खोटे बोलतोस. मागच्या अध्यायाच्या शेवटच्या दोन ओळी पाहा, विचारायला येण्याआधीच ते मिसरच्या वाटेला लागले होते.

मत्तय 5:23-24 म्हणते, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर तू जा. मत्तय 18:15 म्हणते, भावाने तुझा अपराध केला असेल तर तू जा. चूक कोणाचीही असो, जायचे तुम्हीच. आणि आधी एकट्याने जायचे. बायका-मुलांना घेऊन नाही, फोनवर नाही, पेरणीच्या धांदलीत नाही. सहा वर्षांच्या अबोल्याची तुमच्याकडची माफी आधी मागा, आणि त्या वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका. बहुतेकांचे पाऊल इथेच घसरते: माफी मागायला जातात आणि चहा येण्याआधी बांधाचा हिशेब सुरू होतो. बांधाचे बोलणे दुसऱ्या भेटीला ठेवा.

त्या भेटीत दोघांच्या सहीने तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, फी निम्मी-निम्मी, आणि मोजणीदार खुणा दाखवील त्या दोघांनी मानायच्या हे आधीच ठरवा. भाऊ तयार नसेल तर मंडळीतले दोघे वडील सोबत न्या, ज्यांनी आजवर कोणाची बाजू घेतलेली नाही असे. मेर सरकवणे ही लहान गोष्ट नाही. अनुवाद 27:17 त्यावर शाप उच्चारते, आणि भाऊ हे सदर वाचत असतील तर त्यांनी ती ओळ स्वतः काढून वाचावी.

तरीही तो मानला नाही तर? बांध चारशे फूट लांब धरला तर दोन फुटांनी आठशे चौरस फूट जमीन गेली. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे पाऊण गुंठा. 1 करिंथ 6:7 विचारते, त्यापेक्षा नुकसान का सोसून घेत नाही? हे उत्तर कोणी तुमच्यावर लादू नये. हक्क मागणे पाप नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी तो पाऊण गुंठा आणि सहा वर्षे एकदा शेजारी ठेवून बघा.

नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावे असा बोजा आहे. पत्नी रडते. पाचारण आहे हे कसे ओळखू? (हिंगोली)

अंत्युखियात पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना वेगळे करा म्हटले ते उपास-प्रार्थना करणाऱ्या मंडळीला, त्या दोघांना एकांतात नव्हे (प्रेषितांची कृत्ये 13). त्यामुळे पहिला प्रश्न मंडळीला विचारा: गेली दोन वर्षे माझ्या हातून काही फळ दिसले का? संडे स्कूल घ्या, दवाखान्यात रोग्यांना भेटा, महिन्यातून एक दिवस वाडीवर जा. नोकरीत राहून एक वर्ष हे नेमाने करून पाहा. पौल तंबू शिवत होता.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. जालन्यात काम उभे करणारे आणि जवळच बेथेल गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा 1843 साली मुंबईत झाला, जालन्याचे काम 1863 साली सुरू झाले. मध्ये वीस वर्षे गेली.

पत्नीचे रडणे अडथळा म्हणून प्रार्थनेत मांडू नका. 1 तीमथ्य 5:8 वाचा, मग घरभाडे, किराणा, मुलांची फी यांचा कागद तिच्यापुढे ठेवा आणि ती काय म्हणते ते लिहून घ्या. ती तयार होत नाही तोवर राजीनामा देऊ नका.

आठ वर्षांपूर्वी घरच्यांचे आणि पाळकांचे न ऐकता मी हिंदू मुलाशी लग्न केले. नवरा चांगला आहे, सासूबाई जीव लावतात. पण मी देवाच्या इच्छेतून कायमची बाहेर पडले असे एका बाईंनी सांगितले. आता माझ्यासाठी त्याची योजना उरली आहे का? (नांदेड)

त्या बाईंनी सांगितलेले पवित्र शास्त्रात नाही. देवाची एक उत्तम वाट होती, ती हुकली आणि आता आयुष्यभर दुय्यम वाट, ही कल्पना कुठेच सापडत नाही. योनाच्या पुस्तकातला तिसरा अध्याय ‘दुसऱ्यांदा’ या शब्दाने उघडतो. यिर्मया 18:4 मधले भांडे बिघडले, तेव्हा कुंभाराने तीच माती घेऊन दुसरे घडवले.

न ऐकता लग्न केले याची कबुली प्रभूजवळ एकदा द्यावी. आठ वर्षे रोज देण्याची गरज नाही. तेव्हाची आज्ञा मोडली म्हणून आजची आज्ञा रद्द होत नाही, आणि आजची आज्ञा अगदी स्पष्ट आहे: नवरा नांदायला राजी असेल तर सोडू नये (1 करिंथ 7:13). 1 पेत्र 3:1-2 तर म्हणते, वचनावाचून, बायकोच्या वागणुकीने नवरा मिळवला जाऊ शकतो. म्हणजे रोज जेवताना उपदेश करायची सक्ती तुमच्यावर नाही. सासूबाईंना दवाखान्यात नेणे, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, घरात खोटे न बोलणे, हे सगळे देवाच्या इच्छेतच आहे.

मंडळीत जाणे लपवू नका. नवऱ्याला सरळ विचारा, रविवारी सकाळी दोन तास मी उपासनेला गेले तर घरचे कसे जमवायचे? स्वयंपाक आदल्या रात्री अर्धा करून ठेवला, तर बहुतेक घरांत हे जमते. मुलांच्या बाप्तिस्म्याचा निर्णय त्याच्या नकळत कधीही घेऊ नका. त्याला वेळ द्या आणि पाळकांना एकदा घरी चहाला बोलवा, नुसत्या ओळखीसाठी.

आणि आईवडिलांशी बोलणे अजून तुटलेले असेल, तर पहिला फोन तुम्ही करा.